राजदूत घ्यायला घाटावर

माझ्या क्लासची एकुलती एक गिअरची मोटारसायकल फेब्रुवारीत मधोमध तुटली. अपघात वगैरे काही झाला नव्हता. एक विद्यार्थिनी तिला सावकाश स्टँडवर लावत होती, कट्ट असा आवाज आला आणि गाडी पोटातून वाकली. वेल्डर आला, खाली वाकून बघितलं आणि ‘मॅडम, हिला आता विश्रांती द्या’ म्हणून निघून गेला.

चिपळूणला मी बायकांना दुचाकी शिकवते. स्कूटर कुणीही शिकवतं. माझ्याकडे येतात त्या गिअरसाठी. यंदाच्या बॅचमध्ये पाच जणी होत्या. एक वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती, एकीला नवऱ्याची गाडी नवऱ्याशिवाय चालवायची होती, दोघींची लायसनच्या चाचणीची तारीखही लागली होती. सगळ्यांची फी माझ्याकडे जमा होती आणि खर्चही झाली होती. येत्या सोमवारी मैदानावर गाडी दिसली नाही, तर पाचही जणी एसटी स्टँडसमोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाणार हे उघड होतं. तिथला मालक कित्येक वर्षं सांगत आलाय की बायकांना गिअर झेपत नाही. त्याला खरं ठरवायची माझी तयारी नव्हती.

नवीन गाडी परवडत नव्हती, आणि परवडली असती तरी तिचा उपयोग नव्हता. हल्लीच्या मोटारसायकली कुणाच्या मापाने बनवतात कोण जाणे. माझ्या विद्यार्थिनी पाच फुटांच्या आसपासच्या. त्या गाड्यांवर बसल्या की बोटांची टोकं जेमतेम जमिनीला लागतात आणि चेहऱ्यावर विहिरीच्या काठावर बसल्यासारखा भाव येतो. म्हणजे जुनी, बुटकी, दणकट गाडी हवी. कोकणात तशी मिळत नाही. आमच्याकडे जुनी गाडी म्हणजे गंज आणि त्याला धरून बसलेलं थोडंसं लोखंड. हवा कोरडी ती घाटावर. माझी मोठी नणंद, सुनंदाताई, कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहते. गुरुवारी सकाळी मी एसटीने कुंभार्ली घाट चढले.

मलकापूर

सुनंदाताईंना गाड्यांतलं काही कळत नाही, पण भाव पाडण्यातलं सगळं कळतं अशी त्यांची स्वतःविषयी समजूत आहे. मी पोचले तेव्हा त्या तयार होऊन, पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की घालून दारात उभ्या होत्या.

“वहिनी, तू बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं ते कोकणातलं बोलणं ऐकलं की भाव वाढतो. मी बोलते.”

हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांची एक शेड होती. दोन रांगांत मोटारसायकली, सगळ्यांच्या टायरना काळं पॉलिश आणि हँडलला लिंबू-मिरची. मालक तिशीतला, दाढी कोरलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“मॅडम, मुलगा कितवीला हाय?”

“गाडी मला हवी आहे.”

“व्हय, व्हय. पण चालवणार कोण?”

मी उत्तर द्यायच्या आत सुनंदाताई पुढे झाल्या आणि गळा दाटून आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “हिचा मालक अंथरुणाला खिळलाय. सगळं हिच्यावरच आलंय आता.”

हिचा मालक म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. तो त्या वेळी चिपळुणात आमच्या परसात आडव्या झालेल्या कुंपणाला नव्या मेढी ठोकत होता. मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्यांनी मला चिमटा काढला.

मालकाने हळहळ व्यक्त केली आणि सर्वांत महाग बुलेट पुढे आणली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बायकोला बुलेट का लागावी, हे मी विचारलं नाही.

गाडी घेताना माझ्या दोन परीक्षा असतात. पहिली, सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजेत. दुसरी, गाडी जमिनीवर आडवी पाडायची आणि एकटीने उचलायची. शिकणारी बाई गाडी पाडतेच. पाडली तर उचलता आली पाहिजे, नाहीतर ती गाडीला भिते आणि मग पुढे काहीच शिकत नाही. मी शेडमधली एक हलकी गाडी निवडली, हँडल आणि मागचा दांडा धरला आणि तिला हळूच डाव्या अंगावर निजवायला लागले.

“आवं, आवं, आवं,” मालक धावत आला. “मॅडमला चक्कर आली. पाणी आणा रं.”

आतून दोन माणसं धावत आली. एकाने गाडी धरली, एकाने मला. मी म्हणाले, मला सोडा, गाडीही सोडा, मी मुद्दाम पाडतेय. हे ऐकल्यावर तिघेही जास्तच घाबरले. सुनंदाताईंनी संधी साधून सांगितलं, “तिच्या डोक्यावर परिणाम झालाय थोडा. दुःखाने.”

शेवटी मी गाडी आडवी केलीच. मग तिच्याकडे पाठ करून खाली बसले, एका हाताने हँडल, एका हाताने सीटखालचा पाइप धरला आणि पायांच्या जोराने मागे रेटत उभी केली. रस्त्यावर उसाची ट्रॉली थांबवून बघणाऱ्या ड्रायव्हरने टाळी वाजवली. पण सीट उंच होती. दुसरी गाडी बुटकी होती, पण इंजिनवरचा नंबर खरवडलेला दिसला. तिसरीकडे मी वळले, तेव्हा मालक तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला.

“ही कालच रंगवलीया, मॅडम. तुमच्या पाया पडतो. ही निजवू नगा.”

संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्यात आख्खा मसूर आणि रुमाली रोटी खाल्ली. आमच्याकडे आमटी भातावर ओततात आणि तिचं काम संपतं. इथे मसूर हाच मुख्य पाहुणा असतो; त्याच्यासाठी माणसं मोटारी करून येतात. तिखटाने माझे कान गरम झाले. सुनंदाताई त्यावर वरून आणखी कच्चा कांदा आणि मिरची घेत होत्या आणि मला सांगत होत्या की शेडवाला घाबरला होता, आणखी थोडं ताणलं असतं तर त्याने गाडी फुकट दिली असती.

विश्रामबाग

शुक्रवारी आम्ही सांगलीला गेलो. विश्रामबागेत एका निवृत्त गृहस्थांकडे जुन्या गाड्या आहेत, असं सुनंदाताईंच्या जावेने सांगितलं होतं. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. बंगला छान, अंगणात तुळस, व्हरांड्यात सोफासेट. सोफा व्हरांड्यात का, ते आत गेल्यावर कळलं. दिवाणखान्यात सात मोटारसायकली होत्या. पंख्याखाली, टीव्हीसमोर, गालिच्यावर. प्रत्येकीवर मखमलीचं कापड होतं आणि प्रत्येकीला नाव होतं.

“ही कस्तुरी,” सरांनी एका येझदीवरचं कापड उचललं. “ही माझ्याशी बोलते.”

मी विचारलं, “पाडली तर उचलता येते का?”

सरांनी कापड पुन्हा टाकलं.

त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवून भडंग आणि चहा दिला. भडंग अप्रतिम होता, लसणाचे तळलेले तुकडे वेचून खावेत असा. मग त्यांनी माझी मुलाखत घेतली. ते गाड्या विकत नाहीत, ‘देतात’. देण्याआधी घर बघतात. गाडी कुठे उभी राहणार, तिला कोण पुसणार, माझं तिच्याशी नातं काय असेल. मी म्हणाले, नातं असं नाही, तिला पाच बायका चालवतील.

“राहायला कुठे?”

“चिपळूण.”

सरांनी कप खाली ठेवला. “म्हणजे कोकण. चार महिने पाऊस. नाही हो, ताई. मुलीला मी एक वेळ कोकणात दिली असती.”

तिथे विषय संपला होता. आम्ही भडंग संपवून निघायचं एवढंच बाकी होतं. पण सुनंदाताईंना राहवलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“सर, माझा भाऊ खरं तर काही दिवसांचाच सोबती आहे. त्याची एकच इच्छा आहे. तरुणपणी त्याने येझदी चालवली होती. एकदा तिच्यावर बसावं, बस.”

माझ्या नवऱ्याने आयुष्यात येझदी चालवलेली नाही. त्याला लुनासुद्धा वळवता येत नाही. पण सरांचे डोळे भरले. ते उठले, आत गेले, चष्मा पुसत परत आले आणि म्हणाले, “कस्तुरी तुमची.”

सुनंदाताईंनी माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं.

“पण मी स्वतः घेऊन येणार,” सर पुढे म्हणाले. “टेंपोतून. रविवारी. त्यांना मी माझ्या हाताने सीटवर बसवेन. ते बसू शकत नसतील तर आपण पलंग अंगणात आणू आणि गाडी त्यांच्या शेजारी सुरू करू. आवाज तरी ऐकतील.” त्यांनी वही-पेन घेतलं. “पत्ता सांगा. आणि त्यांना काय खायला चालतं?”

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: रविवारी दुपारी आमच्या अंगणात टेंपो, सर रडतायत आणि माझा नवरा लुंगीवर, हातात मेढ घेऊन कुंपणाजवळ उभा. मी म्हणाले, “सर, माफ करा. माझा नवरा धडधाकट आहे. काल सकाळी सहा चपात्या खाऊन कामाला लागलाय.”

सरांनी वही मिटली. ते आम्हाला काही बोलले नाहीत, फाटकापर्यंत सोडायलाही आले. कोकणात असं झालं असतं तर निदान महिनाभर पुरेल इतकं ऐकवलं असतं. सांगलीची माणसं फार सभ्य. त्याचाच त्रास जास्त झाला.

एसटीत सुनंदाताईंनी खिडकीची जागा घेतली. मग म्हणाल्या, “मिळाली होती गाडी. तूच घालवलीस.”

माण

शनिवारी माझ्याकडे एकच पत्ता उरला होता. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढच्या एका वस्तीवर एक राजदूत मोटारसायकल विकायची आहे, असा फोटो सुनंदाताईंच्या शेजारणीच्या मोबाइलवर फिरत आला होता. तो टाकणारा, गाडीच्या मालकाचा मुलगा, मुंबईत माथाडी कामगार होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “गाडी एक नंबर हाय, मावशी. कागदं क्लिअर, ट्रान्स्फरच्या फॉर्मवर आप्पांच्या सह्या दिवाळीतच घेऊन ठेवल्यात. फक्त आप्पा...” आणि मग थांबून म्हणाला, “तुमी जाऊनच बघा.”

दहिवडीला उतरून वडापच्या जीपमध्ये बसलो. तेरा माणसं, दोन शेरडं आणि सुनंदाताईंची चिक्कीची पिशवी. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत. कराडकडे डोळ्यांना सतत ऊस दिसतो. इथे दिसतं ते सगळं उघडं. टेकड्या उघड्या, ओढा कोरडा, बाभळी तेवढ्या जागोजागी. कोकणातून आलेल्या माणसाला आधी वाटतं इथे काहीच नाही, आणि मग लक्षात येतं की लांबवरचं माणूस ओळखू येईल इतकं सगळं दिसतंय. आम्ही फाट्यावरून निघालो ते वस्तीवर केव्हाच कळलं होतं. पोचलो तेव्हा चुलीवर चहा उकळत होता.

राजदूत लिंबाखाली उभी होती. अंगावर घोंगडं. आप्पांनी ते काढलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, अंगात पांढरी बंडी, डोक्यावर पटका, पाठ ताठ. आयुष्यभर मेंढरं राखली, मेंढरांचा व्यापार केला, आता थोडी बाजरी करतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं करायला तयार नाहीत.

मी बसून बघितलं. दोन्ही तळपाय जमिनीवर. परवानगी विचारून गाडी आडवी केली. आप्पांनी फक्त जमिनीवरचा एक दगड पायाने बाजूला सरकवला, गाडीला टोचू नये म्हणून. मी उचलली. जड होती, पण तोल असा की अर्ध्यावर आल्यावर आपणहून उभी राहिली. मला हवी होती ती हीच गाडी. पत्रा जाड, गंज नावाला नाही.

मग किक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. दहाबारा किकांनंतर मला घाम फुटला आणि आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

“तिचं तसंच हाय,” ते म्हणाले. “माझ्या पायालाच चालू हुती. दुसऱ्याला दाद देत न्हाई. लय लोक आलं, लय लोक गेलं.”

“प्लग काढून बघू का?”

“पाना न्हाई लावायचा. भाव ठरल्याबिगर गाडीला पाना लावायचा न्हाई.”

म्हणजे गाडी सुरू होते का ते कळल्याशिवाय भाव करायचा. मी विचार करत उभी होते, तेव्हा आप्पांच्या बायकोने, आक्कांनी, मला चुलीपाशी बोलावलं. आक्का बुटक्या, काटक, कपाळावर भलं मोठं कुंकू. त्यांनी मला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची लसूण घातलेली पातळ पेज. आम्ही कुळथाचं पिठलं करतो, धान्य तेच, पण हे प्यायचं. पहिल्या घोटाला मला जमलं नाही, तिसऱ्याला आणखी मागितलं.

“कुठल्या तुमी?” आक्कांनी विचारलं.

“चिपळूणची.”

“त्ये कुठं आलं?”

“घाटाखाली. समुद्राकडे.”

आक्कांनी भाकरी थापायची थांबवली. “हितनं जायाला किती एसट्या बदलाव्या लागत्यात?”

“तीन.”

“म्हाताऱ्याला एकट्याला जमंल तितवर जायाला?”

“नाही जमायचं.”

“मग ब्येस हाय,” त्या म्हणाल्या आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. आप्पांना आता नीट दिसत नव्हतं. गाडी मात्र सोडवत नव्हती. दोनदा आक्कांना मागे बसवून बाभळीत घातलं होतं, एकदा ओढ्यात. पोरांनी फोनवरून धमक्या दिल्या म्हणून गाडी विकायला कबूल झाले. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या मास्तरांनी घेतलीसुद्धा. आप्पा तिसऱ्या दिवशी चालत तिथे गेले, मास्तरांच्या बायकोला सांगितलं की ही गाडी परक्याला लाभत नाही, आणि तिच्यावरच बसून परत आले.

“येताना पुन्ना बाभळीत,” आक्का म्हणाल्या. “जवळच्याला दिऊन उपेग न्हाई, बाई. लांब गेली पायजे.”

तीन दिवस मी कोकणातली असल्याचा तोटाच झाला होता. इथे पहिल्यांदा ते माझ्या बाजूने आलं. पण गाडी चालू होत नव्हती आणि मला सोमवारी चालणारी गाडी हवी होती.

सुनंदाताईंचा तर या गाडीवर विश्वासच बसला नाही. “चालत नाही ती कशाला घ्यायची? आणि चालली तर मी तिच्यावर बसणार नाही.” तेवढ्यात फाट्याकडे परत जाणारी वडापची जीप वस्तीवर डोकावली. त्या पिशव्या घेऊन चढल्या. “मी दहिवडीच्या स्टँडवर थांबते. हो-नाही करून लवकर ये.” जाता जाता आप्पांना म्हणाल्या, “हिचा मालक आजारी असतो हो.” सवय लागली होती.

आप्पा बाजेवर बसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढला. “बोला आता. पर आमी भाव तोंडानं बोलत न्हाई.”

मेंढरांच्या बाजारात भाव टॉवेलाखाली होतो, हे मी ऐकून होते. दोघांनी हात हातात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एका बोटाला एक हजार, अख्ख्या पंजाला पाच. भोवती कितीही माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. ठरलेला भाव त्या दोघांतच राहतो. नंतर विचारायचाही नाही आणि मोडायचाही नाही. आप्पांनी आयुष्यभर असाच व्यापार केला होता. त्यांनी हातावर टॉवेल टाकला, हात माझ्यापुढे केला आणि मग त्यांना दिसलं की समोर बाई आहे. हात तसाच मागे गेला.

“संगं कोण बाप्या न्हाई व्हय?”

“नाही.”

“मग कसं करायचं?” आप्पा म्हणाले. त्यांना वाईट वाटल्याचं दिसत नव्हतं. “आता परत यावं लागंल तुमाला. मालकाला घिऊन या. बरं झालं की.”

आक्का पीठ झटकत पुढे आल्या. “बाई बाईसंगं करंल की.”

“तुला काय कळतंय भावातलं?”

“तुमी आजारी हुता तवा आटपाडीच्या बाजारात मेंढरं कुणी इकली?”

एवढं बोलून आक्का माझ्यासमोर बसल्यासुद्धा. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. त्यांनी स्वतःचा पदर पुढे ओढून माझा हात त्याखाली घेतला. आप्पा दोन हात अंतरावर बसून पदराकडे एकटक बघत होते.

मी बोटं शोधत होते. पण माझ्या तळहातावर बोटांच्या आधी काहीतरी कडक, जड असं आलं. वर गुळगुळीत, खाली आटे. मोटारसायकलचा प्लग. त्याला मीठ-मिरचीच्या डब्याचा वास होता, हे नंतर कळलं. आक्कांनी माझी मूठ त्यावर बंद केली आणि चेहरा अजिबात न हलवता म्हणाल्या, “हं, आता सांगा.”

सगळं एकदम उलगडलं. गिऱ्हाईक यायचं कळलं की आप्पा चांगला प्लग काढून मेलेला बसवत होते.

त्याच हाताच्या मुठीत प्लग धरून भाव करणं सोपं नाही. मी उरलेल्या बोटांनी सांगितलं. आक्कांनी माझं एक बोट दुमडून खाली केलं. मला वाटलं मी चुकले, पुन्हा दाबलं. त्यांनी पुन्हा दुमडलं. विकणारी बाई भाव उतरवत होती आणि घेणारी वाढवत होती. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या बोटाला असा पीळ दिला की मी ऐकलं. किती ठरलं ते मी इथे लिहिणार नाही. आप्पांनाही अजून माहीत नाही.

“झालं,” आक्का म्हणाल्या.

“किती?” आप्पांनी विचारलं.

“इचारायचं असतंय का?”

आप्पांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. मग खुशीत म्हणाले, “बरं. झालं तर झालं. चालू करून दावा आता.”

मी पैसे आक्कांच्या हातात दिले. ते पदरातच गेले आणि सह्यांचे कागद माझ्या हातात आले. गाडीच्या डब्यातला प्लगपाना घेतला, मेलेला प्लग काढला, चांगला बसवला. आप्पांचा हात सावकाश बंडीच्या खिशात गेला. पहिली किक वाया गेली. दुसरीला गाडी खोकली, तिसरीला धूर सोडत, लिंबावरचे कावळे उडवत चालू झाली. आप्पांनी खिशातला हात बाहेर काढला. हातात प्लगऐवजी एक अख्खी सुपारी होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग आक्कांकडे बघितलं. आक्का परात घासत होत्या.

मला वाटलं आता भांडण होणार. पण भाव ठरला होता. आप्पांनी सुपारी परत खिशात ठेवली आणि माझ्याजवळ आले.

“दुसरा गिअर जरा हट्टी हाय. फाट्यापतोर येतो, दावतो.”

ते मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले असावेत, कारण पाय कुठे ठेवायचे ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला हात लागू नये म्हणून पाठीमागचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. वाटभर सूचना चालू होत्या. “दगूड हाय,” ते ओरडत, तोवर तो दगड बराच मागे गेलेला असे. “आता बाभळ यील,” म्हणाले तेव्हा तीन बाभळी येऊन गेल्या होत्या. पण दुसऱ्या गिअरबद्दल ते बोलले ते सगळं बरोबर होतं. क्लच पूर्ण सोडायच्या आधी किंचित थांबायचं. तसं केलं की गिअर लोण्यासारखा पडत होता.

फाट्यावर ते उतरले. टाकीवर एकदा हात ठेवला, तापली होती म्हणून काढला. “ब्येस चालवता,” म्हणाले. “जावा आता.” आणि वस्तीच्या वाटेला लागले.

दुपारचं ऊन होतं. मी बघितलं, आप्पांच्या पायांत काही नव्हतं. घाईत चपला घरीच राहिल्या होत्या. दगडांची वाट, वर ते ऊन आणि एक डोळा. मी गाडी वळवून त्यांच्याजवळ नेली. “बसा.”

“आवं, जाईन की मी. मेंढरामागं उगंच चाललो व्हय?”

“बसा म्हणते ना.”

मी लिहिलंच आहे की त्या भागात लांबवरचं सगळं दिसतं. आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच आक्का घरातून बाहेर आलेल्या दिसल्या. त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं. मग भिंतीला टेकलेली मेंढरं वळायची काठी उचलली आणि आमच्या दिशेने चालायला लागल्या, मग पळायला.

“आणली परत?” त्या लांबूनच विचारत होत्या. “ह्येनं आणली का परत?”

“मी न्हाई, मी न्हाई,” आप्पा मागून म्हणाले आणि दांडा सोडून दोन्ही हात वर केले. गाडी जोरात हलली. मी कशीबशी सावरली.

आक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. काठी माझ्यावरही उचललेली होती. “बाई, तुमाला सांगितलं हुतं ह्येचं काय ऐकू नगा. लाभत न्हाई म्हनला आसंल.”

“गाडी माझी आहे,” मी म्हणाले. “माणूस तेवढा परत द्यायला आलेय.”

आक्कांनी आप्पांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. काठी खाली केली. “उतरा,” त्या म्हणाल्या. आप्पा उतरले. मला पाणी विचारावं असं आक्कांच्या तोंडावर आलं होतं; ते त्यांनी गिळलं.

“थांबू नगा,” त्या म्हणाल्या. “बंद पडली तर ह्यो पुन्ना चढंल.”

मी थांबले नाही. दहिवडीच्या स्टँडवर सुनंदाताई उसाच्या रसाचे दोन ग्लास हातांत घेऊन माझी वाट बघत उभ्या होत्या. तिथेही मी थांबले नाही, चालत्या गाडीवरूनच त्यांना हात केला.